काळा धूर कुठे गेला?

तुमच्यापैकी किती जणांनी तुमसर रोड स्टेशनवर बसून तिरोडी पॅसेंजरची वाट पाहिली आहे? ज्यांनी पाहिली असेल त्यांना शीर्षकाचा अर्थ लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. तुमसर रोड म्हणजे देव्हाडी. नागपूर-हावडा मेन लाइनवरचं स्टेशन, आणि तिथून उत्तरेला एक फाटा तुमसर टाउन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीला जातो. हा फाटा मँगनीजच्या खाणींसाठी महत्त्वाचा. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या ‘मॉइल’च्या खाणी आपल्याच भंडारा जिल्ह्यात आहेत. माझं आजोळ गोबरवाहीजवळ, त्यामुळे दर उन्हाळ्यात ही गाडी ठरलेली.

मेन लाइनवर तेव्हाही तारा होत्या. फाट्यावर नव्हत्या. म्हणजे एकाच स्टेशनवर एकीकडे गुपचूप सटकणारी इलेक्ट्रिक इंजिनं आणि दुसरीकडे उभ्याउभ्या धडधडणारं डिझेल इंजिन! गाडी सुटताना ते असा काही काळा धूर सोडायचं की आई माझ्या तोंडावर रुमाल धरायची आणि मी तो काढून टाकायची. आता फाट्यावरही तारा आल्या. गाडी सुटली हे मोबाइलमधून मान वर केली तरच कळतं. मध्यंतरी सेमिस्टरला इलेक्टिव्ह विषय निवडायची वेळ आली आणि ‘आय. सी. इंजिन्स’समोर कोणी टिक करेना. “डिझेल संपलं, आता कशाला?” असं सगळ्यांचं मत. खरंच संपलं का, आणि संपलं म्हणजे नेमकं काय झालं, हे शोधायचं मी ठरवलं. माझे मामा डिझेल शेडमध्ये फिटर होते, तेव्हा अर्धा अभ्यास तर घरच्या घरीच झाला.

आधी नावांचा घोळ सोडवू. इंजिनावर इंग्रजीत डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीजी-४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं. ‘डब्ल्यू’ म्हणजे वाइड, अर्थात ब्रॉडगेज. ‘झेड’ म्हणजे अडीच फुटांचा नॅरोगेज. दुसरं अक्षर डिझेलचा ‘डी’ किंवा ए.सी. विजेचा ‘ए’. तिसरं कामाचं : ‘जी’ म्हणजे गुड्स, ‘पी’ म्हणजे पॅसेंजर, ‘एम’ म्हणजे मिक्स्ड, दोन्ही कामं करणारं. एवढं आलं की फलाटावर उभं राहून भाव खाता येतो.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं डिझेल म्हणजे डब्ल्यूडीएम-२. मूळ डिझाइन अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून आपल्याकडचं पहिलं बाहेर पडलं. गंमत अशी की, खुद्द अल्कोने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं. मायबाप दुकान मिटलं, पण त्याच घराण्याची सुधारित इंजिनं वाराणसीत पुढे कित्येक दशकं बनत राहिली. नुसत्या डब्ल्यूडीएम-२ ची संख्याच दोन हजारांच्या वर गेली. २६०० हॉर्सपॉवरचं तेच इंजिन सुधारून ३१०० चं केलं, तो डब्ल्यूडीएम-३ए. १९९५ पासून खास मालगाड्यांसाठी आला तो डब्ल्यूडीजी-३ए. माझ्या लहानपणीची फाट्यावरची इंजिनं यांतलीच असणार. मला तेव्हा फक्त रंग कळायचा आणि बॉनेटवर लिहिलेलं ‘रायपूर’.

आता मुख्य प्रश्न. मला बारावीपर्यंत वाटायचं की ट्रकमध्ये असतं तसंच हे : मोठं डिझेल इंजिन, मोठा क्लच, मोठा गिअरबॉक्स आणि मग चाकं. मामांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

“अवं पोरी, इंजिन चाकाले फिरवतच नाही! इंजिन जनरेटरले फिरवते, जनरेटर मोटरले करंट देते, अन् मोटर चाकाले फिरवते. डिझेल इंजिन म्हणजे चाकावरचं पावरहाउस.”

म्हणजे ज्याला आपण डिझेल म्हणतो तेही खरं तर इलेक्ट्रिकच! फरक इतकाच की, एक वीज सोबत बनवत फिरतं आणि दुसरं ती वरच्या तारेतून घेतं. असं का करतात हे पाहायचं तर डिझेल इंजिनाची खोड लक्षात घ्यावी लागेल. ते शून्य वेगावर काहीच देऊ शकत नाही. त्याला निदान आयडलिंगला तरी फिरत राहावं लागतं, नाहीतर बंद पडतं. आणि मालगाडीला तर सर्वांत जास्त जोर लागतो तो शून्यावरूनच हलताना. पाच हजार टनांच्या आसपासचं वजन क्लच घसरवत हलवायचं म्हटलं तर क्लच जळून खाक होईल. याउलट डी.सी. सिरीज मोटर उभी असतानाच सर्वांत जास्त टॉर्क देते. म्हणून मध्ये जनरेटर आणि सहा अॅक्सलला सहा ट्रॅक्शन मोटर. याला दुसराही उपाय आहे, हायड्रॉलिक ट्रान्समिशन. नॅरोगेजच्या छोट्या झेडडीएम इंजिनांत तेच असायचं. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली तोपर्यंत ती आपल्या शेजारीच धावत होती.

डब्ल्यूडीएम-२ च्या पोटातलं इंजिन ‘व्ही’ आकाराचं, १६ सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. बोअर ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. मी कॅल्क्युलेटरवर आकडेमोड केली तर एका सिलिंडरचं आकारमान जवळजवळ ११ लिटर आलं आणि सोळांचं मिळून १७५ लिटर. म्हणजे ३५० सीसीच्या ५०० बुलेट एकत्र! पण वेग बघा : आयडलिंगला मिनिटाला ४०० फेरे आणि पूर्ण जोरात फक्त १०००. आपल्या स्कूटी याहून कितीतरी जोरात फिरतात. फोर-स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी... चुकले, डिझेलला ठिणगी नसते, दाबानेच पेट घेतं (व्हायव्हात हेच चुकले होते). तर १६ सिलिंडरमध्ये एका फेऱ्यात ८ स्फोट, १००० फेऱ्यांना ८००० स्फोट, सेकंदाला १३३. आयडलिंगला ५३. ती जी छातीत जाणवणारी धडधड होती ना, ती हीच.

आणि काळा धूर? ड्रायव्हरच्या हातात अॅक्सिलरेटर नसतो, आठ टप्प्यांचं हँडल असतं. टप्प्याला ‘नॉच’ म्हणतात. ड्रायव्हरने नॉच वाढवला की गव्हर्नर लगेच जास्त डिझेल सोडतो. पण त्या डिझेलला लागणारी जास्तीची हवा टर्बो देतो, आणि टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर. म्हणजे आधी जास्त जळायला हवं, मग टर्बोला वेग येणार, मग जास्त हवा मिळणार. दरम्यानचे काही सेकंद डिझेल भरपूर आणि हवा कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलचा कार्बन म्हणजे तो धूर. टर्बोने वेग पकडला की धूर पातळ होतो. म्हणून गाडी सुटताना धूर जास्त दिसायचा. चालू गाडीतही सतत धूर दिसला तर मात्र टर्बो किंवा इंजेक्टर आजारी.

आता थोडं गणित. कंटाळू नका, अकरावीचं फिजिक्स आहे. ५८ बीओएक्सएन वाघिणींची भरलेली कोळशाची गाडी घ्या. एक भरलेली वाघीण साधारण ८१ टन, म्हणजे सगळी मिळून ४७०० टन. डब्ल्यूडीएम-२ चं वजन ११२.८ टन. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात पकड जेमतेम वजनाच्या २७ टक्के धरली, तर जास्तीत जास्त ओढ ३०.४ टन. याहून जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगरेल. सपाटीवर ही गाडी हलवायला टनामागे साधारण ४ किलो ओढ लागते असं धरू, म्हणजे १९ टनांच्या आत. जमलं. पण १५० फुटांत १ फूट असा साधा चढ आला तरी चढासाठीच ३१ टन वेगळे लागतात. झालं, एका इंजिनाचा खेळ खलास. म्हणून दोन इंजिनं जोडायची. त्यांच्यात केबल असते आणि पुढच्या इंजिनातला एकच ड्रायव्हर दोन्ही चालवतो.

हा झाला कमी वेगाचा हिशोब. वेग वाढला की पकडीचा प्रश्न मागे पडतो आणि हॉर्सपॉवर आड येते, कारण ओढ म्हणजे पॉवर भागिले वेग. ताशी ६० ला डब्ल्यूडीएम-२ कडे साधारण ९ टन ओढ उरते. तेवढी तर गाडीच खाते. म्हणजे सपाटीवरही साठच्या पुढे जाताना बिचाऱ्याचा जीव जायचा, आणि मागची एक्स्प्रेस सिग्नलला खोळंबायची. याच्या शेजारी ६१२० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूएजी-९ इलेक्ट्रिक ठेवा. त्याच वेगाला साधारण २७ टन. तिप्पट! माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल इथेच लागतो. इलेक्ट्रिक इंजिनाला स्वतःचं पावरहाउस आणि पाच हजार लिटरची टाकी वाहावी लागत नाही. तारेच्या पलीकडे अख्खं ग्रिड उभं असतं.

डिझेलवाल्यांनी हार मानली नव्हती बरं का. १९९९ पासून डब्ल्यूडीजी-४ आलं. हे अमेरिकेच्या ‘ईएमडी’ घराण्याचं, ४००० हॉर्सपॉवरचं आणि टू-स्ट्रोक. यात मोटर ए.सी. आहेत. डी.सी. मोटरचं चाक घसरू लागलं की ते पळतच सुटतं. ए.सी. मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, त्यामुळे कॉम्प्युटर घसरणीला आवर घालतो. परिणाम बघा : वजन १२६ टन आणि सुरुवातीची ओढ ५४ टन, म्हणजे पकड २७ वरून थेट ४३ टक्के. पुढे बिहारमधल्या मढौराच्या कारखान्यातून ४५०० हॉर्सपॉवरची डब्ल्यूडीजी-४जी आली. ही नवी डिझेलं अजून तरुण आहेत. निवृत्त होतायत ती मुख्यतः अल्को.

निवृत्ती म्हणजे काय, हेही मामांकडूनच कळलं. डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षांचं. मध्यावर, १८ वर्षांनी, पतियाळाच्या कारखान्यात त्याला उघडून जवळपास नवं करायचे. शेडमध्ये दर तपासणीला वंगणाच्या तेलाचा नमुना लॅबमध्ये जायचा. त्यात तांबं किंवा शिसं वाढलेलं दिसलं की बेअरिंग झिजतंय, हे इंजिन न उघडताच समजायचं. अगदी आपली ब्लड टेस्ट! मामांना तर लॅबचीही गरज लागायची नाही. पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक नळीवर बोट ठेवून ते सांगायचे की हा सिलिंडर मारत नाही.

पण तारांनी हे वयाचं गणितच मोडलं. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज जाळ्यापैकी ९९ टक्क्यांहून जास्त मार्गांवर आता वीज आहे. मग धडधाकट इंजिनंही रिकामी बसली. काही यार्डात शंटिंगला लागली. काही परदेशी गेली : बांगलादेशला २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये आणखी २० ब्रॉडगेज डिझेलं दिली. काहींवर एक अजब प्रयोग झाला. २०१८ मध्ये वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन, आतलं डिझेल इंजिन काढून, त्यांचं १०,००० हॉर्सपॉवरचं एक जोड-इलेक्ट्रिक इंजिन बनवलं. २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडाही दाखवला, पण अशी मोजकीच बनली. डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सचं नावच २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं, तिथे काय उरलं! बाकीच्यांचं काय? टर्बो, मोटर, कॉम्प्रेसर काढून घ्यायचे, आणि सांगाडा ई-लिलावात भंगाराला.

इथे जरा ऑस्ट्रेलियाला जाऊन येऊ. कारण अल्कोची भावंडं तिकडेही होती. १९५७ ते १९५९ मध्ये आपण अल्कोची ‘डीएल-५००’ जातीची १०० इंजिनं आणली, ती डब्ल्यूडीएम-१. त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. त्याच १९५७ पासून न्यू साउथ वेल्समध्ये ‘४४ क्लास’ धावू लागला, तोही डीएल-५०० घराण्यातलाच, सिडनीच्या गुडविन कंपनीने बांधलेला. त्यांचीही संख्या बरोबर १००! त्यातली काही हौशी मंडळींनी आजवर जपली आहेत. पण तिथल्या मालगाड्या अजूनही मुख्यतः डिझेलवरच. क्वीन्सलँडच्या काही कोळसा मार्गांवर तारा आहेत, बाकी बहुतेक ठिकाणी नाहीत. २००१ मध्ये पिलबारा भागात बीएचपी कंपनीने ६८२ वाघिणींची सव्वासात किलोमीटरहून लांब लोहखनिजाची गाडी चालवली, ती ८ डिझेल इंजिनांवर. म्हणजे तिकडे जुनं डिझेल जातं ते नवं डिझेल आलं म्हणून, आणि आपल्याकडे जातं ते तार आली म्हणून. ते मागासलेले म्हणून नव्हे. खांब, तारा, सबस्टेशन यांचा खर्च गाडी एक असो की शंभर, तेवढाच येतो. आपल्या नागपूर-हावडा लाइनवर गाडीमागे गाडी लागलेली असते, तिथे तो खर्च वसूल होतो. शेकडो किलोमीटर वाळवंटात दिवसातून थोड्याच गाड्या असतील तर टाकीतलं डिझेलच स्वस्त पडतं.

मग तिरोडी फाट्यासारख्या छोट्या लाइनवर तार कशाला, असा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर देव्हाडीच्या यार्डात आहे. फाट्यावर तार नसेल तर मँगनीजची रेक तिथे आली की डिझेल काढा, इलेक्ट्रिक लावा, ब्रेक तपासा, आणि एवढ्यासाठी वेगळी शेड, वेगळं डिझेल, वेगळी माणसं ठेवा. सलग तार असली की रेक खाणीपासून थेट निघते. शिवाय उतारावर डिझेल इंजिन मोटरचा जनरेटर करून ब्रेक लावतं खरं, पण ती वीज छतावरच्या रेझिस्टरमध्ये तापवून हवेत सोडून देतं. डब्ल्यूएजी-९ तीच वीज तारेत परत पाठवतं.

पण ‘प्रदूषण संपलं’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं पावरहाउस कशावर चालतं? कोळशावर. आणि वीज कोळशातून आली म्हणजे आमच्या स्टेशनवरचा धूर संपला नाही, नुसता उंच चिमणीकडे सरकला. फायदा आहेच. चिमणीला राख पकडणारी यंत्रणा लावता येते, उद्या तीच तार सौर विजेवर चालवता येते, आणि परदेशी तेल वाचतं. पण तार तुटली की सगळंच ठप्प, हेही खरं. २०१९ मध्ये फानी वादळाने ओडिशात पुरीकडचे खांब-तारा आडवे केले, तेव्हा डिझेलच कामाला आलं. सगळी डिझेलं विकून टाकणं म्हणूनच मला शहाणपणाचं वाटत नाही.

राहिले मामा. पंचवीस वर्षं डिझेल केल्यावर त्यांना इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग घ्यावं लागलं. नागपूरला तर आता १२,००० हॉर्सपॉवरच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांचा डेपो आहे. तिथे म्हणे लॅपटॉप लावून बिघाड शोधतात. मामा परीक्षा पास झाले. पगार तोच, हुद्दा तोच. पण पहिले काही महिने ते घरी फार बोलायचे नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, “काम हलकं आहे वं. हात काळे होत नाही. पण मले काही ऐकूच येत नाही तिथं. इंजिन बिमार आहे का चांगलं, कसं समजू?” ज्या बोटाने ते सिलिंडर ओळखायचे, त्या बोटाला तिथे काम नव्हतं. आणि पंचवीस हजार व्होल्टच्या जवळ बोट न्यायचंच नाही, हा तर पहिला धडा! आता ते रुळलेत. नव्या मुलांना ब्रेक आणि बोगी शिकवतात. ती दोन्हीकडे सारखीच असते.

गेल्या दिवाळीत आम्ही देव्हाडीला गाडीची वाट पाहत उभे होतो. एक मालगाडी गेली. इलेक्ट्रिक इंजिनाच्या मागे दोन अल्को जोडलेली होती, बंद, काचा नसलेली, गंजलेली. शेडवाले अशांना ‘डेड पॉवर’ म्हणतात. मामांनी चष्मा वर करून नंबर वाचला आणि म्हणाले, “मागच्याचा टर्बो म्या बदलला होता.” मग आमची गाडी आली आणि आम्ही चढलो.

इलेक्टिव्हचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरला. आय. सी. इंजिन्सच घेतलं. वर्गात आम्ही अकरा जण आहोत, आणि सरांनी सांगितलंय की पुढच्या वर्षी बारा झाले नाहीत तर हा विषय बंद.